लेयर, मास्क, टाइमलॅप्स... कॉम्प्युटर नव्हता तेव्हा दादासाहेब फाळके हे सगळं शिकले कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि संत एकनाथ रंगमंदिरही आहे. एका ठिकाणी तंत्र शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी नाटक रंगतं. दोन्ही एकाच भागात, पण दोन वेगळी जगं.

कॉम्प्युटरच्या पदवीत डिजिटल मीडिया हा विषय आला की ही दोन जगं एकाच वहीत येतात. मग घरात प्रश्न सुरू होतात. कॉम्प्युटर शिकायला गेलेल्या मुलाने चित्रं काढायची आणि व्हिडिओ कापायचे कशाला? आणि चित्रंच काढायची तर मग गणित कशाला?

याचं उत्तर एका अशा माणसाच्या आयुष्यात सापडतं, ज्याने आयुष्यात कधी कॉम्प्युटर पाहिला नाही. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

एक पदवी नाही, पण दहा विद्या

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घरात पुराणं, कीर्तनं आणि पूजाअर्चा. मुलाला मात्र चित्रकलेचं वेड.

१८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेसोबत मूर्ती घडवणं, वास्तुकला आणि फोटोग्राफी असं सगळंच त्यांनी हाताळलं. ब्लॉक बनवणं आणि शिळाछपाई शिकले, डार्करूममधली रसायनं शिकले.

गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. पण तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. फोटोचा धंदाही बसला. त्यानंतर ते जादूचे प्रयोग करू लागले. स्वतःचं आडनाव उलटं करून त्यांनी नाव घेतलं, प्रोफेसर केळफा!

१९०३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. ती सोडून लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मांच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. नवी यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी गाठलेला हा माणूस पुन्हा रिकाम्या हाताने घरी आला.

बाहेरून बघणाऱ्याला हा धरसोडपणाच वाटला असता.

एक सिनेमा आणि गहाण पडलेला विमा

१९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतो, तर राम आणि कृष्ण का चालू नयेत, हा विचार डोक्यात बसला तो कायमचा.

मग रात्रंदिवस सिनेमे बघणं आणि प्रयोग करणं सुरू झालं. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. त्यानंतर विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या सुरुवातीला त्यांनी लंडन गाठलं. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं. विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि दोन महिन्यांत मुंबईला परतले.

वाटाण्याचं रोप आणि आजचा टाइमलॅप्स

भांडवल हवं तर लोकांना काहीतरी दाखवायला हवं होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात दिसली. रोप बघता बघता वर येतंय, हा चमत्कार पाहून पैसे लावणारा मिळाला.

यामागचं तंत्र सोपं आहे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावरून सरकत. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रं. ती चित्रं एका मिनिटात टिपायची की एका महिन्यात, हे कॅमेऱ्यामागचा माणूस ठरवतो. आज मोबाइलमधलं टाइमलॅप्सचं बटण हाच हिशेब करतं. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या एकेक चौकट हलवून नाचवल्या. त्याला आज आपण स्टॉप मोशन ॲनिमेशन म्हणतो.

पौराणिक चित्रपटांतले चमत्कारही असेच. चित्राचा काही भाग झाकायचा, उरलेल्या भागावर चित्रीकरण करायचं, फिल्म मागे फिरवायची आणि झाकलेल्या भागावर दुसरं दृश्य घ्यायचं. सॉफ्टवेअरमधले मास्क आणि लेयर हीच कल्पना वापरतात. फरक एवढाच की तेव्हा ‘अनडू’ नव्हतं. चूक झाली तर फिल्म वाया.

म्हणजे जादूगाराची नजर, छपाईवाल्याची अचूकता, फोटोग्राफरची रसायनं आणि चित्रकाराची रचना. आधीचा प्रत्येक ‘फसलेला’ धंदा इथे कामाला आला.

दुसरं नाव: सरस्वतीबाई

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार झाली नाही, म्हणून अण्णा साळुंके यांनी ती केली.

पण पडद्यामागे एक स्त्री होती. दादासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. दागिने दिले, कामावरच्या सगळ्यांचा स्वयंपाक केला, हे बहुतेक वेळा सांगितलं जातं. त्या फिल्मला छिद्रं पाडत, रसायनं तयार करत आणि चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, हे मात्र कमी सांगितलं जातं. आजच्या भाषेत त्या टीममधल्या तंत्रज्ञ होत्या. शिक्षण मात्र कुठल्याही कॉलेजात नाही, घरातल्या अंधाऱ्या खोलीत झालेलं.

सगळं येत होतं, तरी कुठे अडलं?

१९१३ मध्येच फाळके नाशिकला गेले. ‘लंकादहन’ने १९१७ मध्ये गर्दी खेचली. १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, पण पुन्हा मतभेद झाले. काही काळ सिनेमा सोडून ते काशीला जाऊन राहिले, नंतर परतले. पुढे बोलपट आले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट ठरला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. शेवटची वर्षं ओढाताणीची आणि विस्मरणाची होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडलं.

कला आणि तंत्र एकत्र शिकण्याची ताकद काय असते, हे या आयुष्यात दिसतं. त्याच्या मर्यादाही दिसतात. पैशाचा व्यवहार, मालकी आणि बदलत्या तंत्राचा वेग या तीन गोष्टींनी त्यांना मागे टाकलं. डिजिटल मीडिया शिकणाऱ्याने सॉफ्टवेअरसोबत करार आणि कॉपीराइटही समजून घ्यायला हवा, तो यासाठी.

आणखी एक गोष्ट. फाळक्यांच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट सांगितले जातात. त्यातल्या बहुतेकांची फिल्म आज अस्तित्वात नाही. ‘कालिया मर्दन’सारखी मोजकी रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे टिकली. त्यामुळे प्रोजेक्ट सबमिट करणाऱ्या प्रत्येकाने फाळक्यांकडून शेवटचा धडा घ्यायचा तर तो हाच: फाइल बनवली तितक्याच काळजीने जपूनही ठेवा.