आजीचा हाफकिन

(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरात हाफकिन हा शब्द माझ्या जन्माच्या आधीपासून नांदतो आहे. बाबा लहान होते तेव्हाची गोष्ट. कात्रपला आमच्या शेतात भाताची लावणी चालू असताना आजीला साप चावला. माणसांनी तिला उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि चार दिवसांनी आजी आपल्या पायांनी घरी आली. औषध कोणते दिले म्हणून आजोबांनी चौकशी केली, तेव्हा हाफकिनचे आहे असे उत्तर मिळाले. तेव्हापासून आजीच्या लेखी हापकीन हे एक औषध आहे. घरात कुणाला साधा ताप आला तरी ती हापकीन आणायला सांगते. त्या शेताच्या जागी आज सात मजली इमारत उभी आहे. शब्द मात्र टिकून आहे.

हे औषधाचे नव्हे, माणसाचे नाव आहे हे मला गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात कळले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे नवे काही कळले की ते घरी जाऊन सांगण्याची मला फार घाई असते. या वेळी मात्र मी थांबले, कारण मला माझी एक जुनी चूक आठवली.

२०२१ साली करोनाची लस आली तेव्हा मी शाळेत होते. मोबाईलवर नोंदणी करणे घरात मला एकटीलाच जमत होते. आजीने विचारले की देणाऱ्याने ती स्वतः घेतली आहे का. मला राग आला. मी तिला अडाणी म्हटले. शेवटी आमच्या वस्तीत येणाऱ्या आशाताईंनी आपण दोन्ही वेळा टोचून घेतल्याचे सांगितले, आजीचा हात हातात धरला, तेव्हा कुठे आजीने दंड पुढे केला. माझा तो शब्द मात्र तसाच राहिला. हाफकिन यांचे चरित्र वाचताना तो मला सारखा टोचत होता.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओदेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओदेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. पण काळ वाईट होता. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. हा विद्यार्थी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभा राहिला, जखमी झाला, अटकेतही गेला. पुढे धर्म बदलल्याशिवाय प्राध्यापकाची जागा मिळणार नाही हे स्पष्ट झाले. त्यांनी धर्म सोडला नाही. १८८८ मध्ये देश सोडला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले तेही ग्रंथपालाचे. पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करायचा, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, वस्त्याच्या वस्त्या ओस पाडीत असे. हाफकिन यांनी तिच्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, उतरला. मगच त्यांनी ती इतरांना दिली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. तिथल्या गरीब वस्त्यांत गोऱ्या माणसाच्या सुईवर विश्वास कोण ठेवणार? राज्य इंग्रजांचे, सुईही साहेबाची. तेव्हा हाफकिन यांनी दोन गोष्टी केल्या. भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले आणि जमलेल्या लोकांसमोर आधी स्वतःला टोचून दाखवले. १८९४ मध्ये कट्टल बागान नावाच्या वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे पटकीचे आणखी १० रुग्ण झाले आणि त्यांतले ७ दगावले. ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढचे हाल आपण इतिहासात वाचतो. घरे तपासली जात, माणसे उचलून नेली जात, सामान जाळले जाई. आपल्या कल्याण स्थानकातही मुंबईहून येणाऱ्या उतारूंची तपासणी होई. लोक रोगापेक्षा इस्पितळाला अधिक भीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी अंत झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सक्तीच्या कारवाईच्या संतापातून चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

अशा या मुंबईत हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. काचेच्या चंबूत मांसाचा रस घ्यायचा, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. मग ते तापवून मारायचे आणि त्यांची लस करायची. आपल्या स्वयंपाकघरातले तूप प्लेगविरुद्ध कामी आले हे वाचून मला मौज वाटली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली. पुढे लोकांना देत त्याहून कितीतरी मोठी मात्रा त्यांनी घेतली होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे १४७ कैद्यांनी लस घेतली, १७२ जणांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही जगले. आपण कलाशाखेचे विद्यार्थी आकडे दिसले की पान उलटतो. पण या आकड्यांत एक साधी गोष्ट आहे. एकाच छताखाली राहणारी, एकच अन्न खाणारी माणसे. फरक फक्त सुईचा. ज्यांनी घेतली त्यांची मोजणी ठेवायची, तशी ज्यांनी घेतली नाही त्यांचीही. म्हणून निष्कर्षावर विश्वास ठेवता आला.

तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. तुरुंगातल्या माणसाचा होकार कितपत खरा मानायचा? ज्याच्या दाराला बाहेरून कडी आहे, त्याला नको म्हणणे किती सोपे असेल? प्रयोग गरिबांच्या वस्तीत झाला, कैद्यांत झाला. प्लेगने आधी गाठले ते कोंदट चाळींत राहणाऱ्यांना, म्हणून औषधाची गरज त्यांनाच अधिक होती, हे खरे. पण प्रयोगाचा धोकाही त्यांच्याच वाट्याला आला. हाफकिन यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्या धोक्यात पहिले पाऊल त्यांनी स्वतः टाकले होते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. लाखो लोकांसाठी लस तिथे तयार होऊ लागली. आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले. पुढे बारकाईने तपास झाला तेव्हा दिसले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रातून त्यांची बाजू मांडली. त्या वर्षाच्या अखेरीस ते निर्दोष ठरले. पाच वर्षे निघून गेली होती.

१९०८ मध्ये ते कलकत्त्याला परतले, पण माणसांवर नवे प्रयोग करण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोवर मुंबईहून या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. सापाच्या विषावरचे औषध त्यांनी स्वतः शोधलेले नाही. त्यांच्या नावाच्या संस्थेने ते पुढे तयार केले आणि ते कात्रपच्या शेतापर्यंत पोहोचले.

मित्रहो, एवढे वाचल्यावर मला कळले की आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. देणाऱ्याने स्वतः घेतली का, हाच प्रश्न कलकत्त्याच्या वस्तीतल्या माणसांच्या मनात असणार, आणि हाफकिन यांनी त्याला बाही वर करून उत्तर दिले. त्यांनी कुणाला अडाणी ठरवल्याचे मी वाचले नाही. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याची शंका ऐकून घ्यावी, तिचे उत्तर द्यावे आणि उत्तर देताना आपणही थोडे पणाला लागावे, हे मी त्यांच्याकडून शिकले. शिकू लागल्यापासून माझ्या अंगी जो तोरा आला होता, त्यावर ही सुई चांगलीच लागू पडली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला ही सारी हकीकत सांगितली आणि त्या शब्दाबद्दल माफीही मागितली. शब्द तिच्या लक्षातच नव्हता, की तिने तसे दाखवले, कोण जाणे. हापकीन हा माणूस होता याचेच तिला नवल वाटत होते. त्याला मुलेबाळे किती, असे तिने विचारले. त्यांनी लग्न केले नव्हते असे मी सांगितले. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की असे असेल तर त्याचे नाव आपणच घेत राहायला हवे.