वाऱ्याचे अध्यापक : पॉल ला कूर

पवनऊर्जेच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते डॅनिश शास्त्रज्ञ पॉल ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी झाला. हवामानशास्त्राचे अध्ययन केल्यावर ते डेन्मार्कच्या हवामान संस्थेत उपसंचालक झाले. तारायंत्राविषयीच्या संशोधनानेही त्यांना नाव मिळवून दिले होते. तथापि, राजधानीतील ही प्रतिष्ठा सोडून १८७८ मध्ये ते आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयात शिक्षक म्हणून रुजू झाले. शेतकऱ्यांच्या मुलांना तेथे परीक्षेविना शिक्षण दिले जाई.

वीज केवळ शहरांनाच मिळाली, तर खेडी ओस पडतील, ही चिंता त्यांना सतावीत होती. १८९१ मध्ये सरकारी साहाय्याने त्यांनी विद्यालयाजवळ प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडला तरी ऊर्जा हाताशी असावी म्हणून ते विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवीत. त्यावर विद्यालयातील दिवे १८९५ पासून काही वर्षे उजळले. स्फोटांनी खिडक्यांच्या काचा अनेकदा फुटल्या, पण प्रयोग थांबले नाहीत.

पात्यांची रचना हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होय. जितकी पाती अधिक तितकी शक्ती अधिक, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ला कूर यांनी कृत्रिम वाऱ्याच्या नळीसमोर लहान पाती ठेवून त्यांवरील दाब मोजला. वेगाने फिरणारी मोजकी पातीच वीजनिर्मितीस अधिक उपयुक्त ठरतात, हे त्यांनी दाखवून दिले. पात्याचे टोक मुळापेक्षा कितीतरी वेगाने फिरते. त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत त्याला पीळ द्यावा लागतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांना पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष मापनातून उमजे.

१९०४ पासून त्यांनी ग्रामीण तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग चालविले. पहिल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल हा किशोर होता. २४ एप्रिल १९०८ रोजी ला कूर यांचे निधन झाले. पुढे स्वस्त इंधनामुळे वाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. परंतु यूल यांनी गुरूचा धडा विसरला नाही. १९५७ मध्ये गेडसर येथे त्यांनी २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती सुमारे दहा वर्षे चालली आणि आधुनिक पवनचक्क्यांना आदर्श ठरली. आपल्या वर्गात पेरलेले हे बीज फळलेले पाहणे मात्र ला कूर यांच्या नशिबी नव्हते.