शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि भारतीय ज्योतिषाच्या उगमाचा वाद

एकोणिसाव्या शतकातील प्राच्यविद्येत जे वाद अत्यंत अभिनिवेशाने लढले गेले, त्यांत भारतीय ज्योतिषाच्या उगमाचा वाद अग्रगण्य होता. मराठी मुलुखात मिशनरी म्हणून काम केलेले एबेनेझर बर्जेस यांनी सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये प्रसिद्ध केले. शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पुस्तक रचावे या हेतूने ते या विषयाकडे वळले होते. त्यांच्या भाषांतराला टीपा जोडणाऱ्या व्हिटने यांनी भारतीय गणिताचे मूळ ग्रीकांत पाहिले. बर्जेस यांना ते पटले नाही, व त्यांनी आपला मतभेद त्याच ग्रंथात नोंदविला. १८७२ मध्ये हर्मान याकोबी यांनी बॉन येथील आपल्या प्रबंधात होराशास्त्र ग्रीक परंपरेतून आल्याचे प्रतिपादन केले. याच्या उलट, एतद्देशीय शास्त्रीमंडळींच्या दृष्टीने ज्योतिष हे वेदांग होते आणि त्याच्या परकीय मुळाची शंकाच अप्रशस्त होती. या दोन टोकांच्या मधली वाट ज्याने आखली, तो मराठी शाळांतील एक शिक्षक होता.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून त्यांनी शिक्षणखात्यात नोकरी धरली. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी अध्यापन करीत अखेर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी संस्कृत सिद्धांतग्रंथ, करणग्रंथ आणि पंचांगांची हस्तलिखिते तपासली. सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देणारे त्यांचे ज्योतिर्विलास हे पुस्तक मराठीत लोकप्रिय झाले.

ठाण्यात असताना त्यांचा विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी संबंध आला, व या तिघांच्या सहकार्याने सायन पंचांग निघू लागले. संक्रांती प्रत्यक्ष ऋतूंशी जुळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. परंपरागत पंचांगावर व्रते व सण चालविणाऱ्या समाजात हा आग्रह रुजणे कठीण होते. तथापि शास्त्राचा अभिमान म्हणजे शास्त्रातील चूक जपणे नव्हे, ही दीक्षितांची वृत्ती येथेच स्पष्ट झाली. उगमाच्या वादातही त्यांनी तीच कायम ठेवली.

त्यांच्या गणिती सामर्थ्याची पारख प्रथम इतिहाससंशोधकांना झाली. जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तांचे शिलालेख १८८८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील मितींची गणिते दीक्षितांनी करून दिली होती. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० हा या गणितांनी दृढ झाला. त्या लेखांपैकी एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिती आहे. ती २१ जून ४८४ या दिवसाशी जुळते. वाराचा उल्लेख असलेल्या भारतीय कोरीव लेखांपैकी हा अत्यंत प्राचीन होय. म्हणजे ज्या वारगणनेच्या मुळाचा प्रश्न दीक्षितांना पुढे सोडवावयाचा होता, तिच्या भारतातील जुन्या पुराव्याशी त्यांचा संबंध आधीच आला होता.

भारतीय ज्योतिःशास्त्र हा त्यांचा प्रमुख ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत लिहिलेला द इंडियन कॅलेंडर हा ग्रंथ लंडनहून निघाला. भारतीय ज्योतिःशास्त्रात वैदिक काळापासून अर्वाचीन काळापर्यंतच्या ज्योतिर्ग्रंथांचा व ग्रंथकारांचा इतिहास आहे. परंतु त्याचे खरे महत्त्व प्रश्नाच्या मांडणीत आहे. ज्योतिष भारतीय की परकीय, असा सरसकट प्रश्न दीक्षित घेत नाहीत. परंपरेने ज्योतिषाचे गणित, संहिता आणि जातक असे तीन स्कंध मानले आहेत. दीक्षित प्रत्येक स्कंधाचा, आणि स्कंधातील प्रत्येक घटकाचा, विचार स्वतंत्रपणे करतात.

नक्षत्रे, चांद्रमास आणि पाच वर्षांचे युग यांची व्यवस्था वेदांगज्योतिषात आहे. तेथे मेषादी राशी नाहीत व वारही नाहीत. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील निर्देशावरून दीक्षितांनी त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे इतका मागे नेला. हा अर्थ पुढे सर्वांनी मान्य केला नाही. परंतु नक्षत्रपद्धतीची प्राचीनता त्या एका निर्देशावर अवलंबून नाही.

वारांविषयी त्यांचा निर्णय उलट आहे. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेका ग्रहाला एकेक होरा दिली, तर चोवीस होरांनंतर पंचविसावी होरा आरंभीच्या ग्रहापासून चौथ्याकडे जाते. म्हणून शनिवारानंतर रविवार आणि रविवारानंतर सोमवार येतो. वारांचा क्रम असा दिवसाच्या चोवीस भागांवर उभा आहे. भारतात दिवसाचे भाग साठ घटिकांचे होते आणि होरा हा शब्दही मूळचा संस्कृत नव्हे. तेव्हा वार बाहेरून आले, हे दीक्षितांनी निःसंकोच लिहिले. देशाभिमानाला न रुचणारा हा निष्कर्ष त्यांनी गणिताच्या आधारे स्वीकारला.

गणितस्कंधात त्यांनी सिद्धांतांतील मानांची टॉलेमीच्या मानांशी तुलना केली, आणि ती टॉलेमीवरून घेतलेली नाहीत असे दाखविले. त्याचबरोबर केंद्रानुसार ग्रहाला द्यावयाच्या फलसंस्काराचे मूलतत्त्व पाश्चात्यांकडून आले असण्याचा संभव त्यांनी मान्य केला.

जातकस्कंध हा वादाचा कळीचा मुद्दा. वराहमिहिराच्या बृहज्जातकात क्रिय, तावुरि, जितुम ही राशिनामे, आणि केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, सुनफा, अनफा ही पारिभाषिक पदे ग्रीक आहेत. यवन म्लेच्छ असले तरी शास्त्रज्ञानामुळे ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असा आशय बृहत्संहितेतही आला आहे. हा पुरावा दीक्षितांपुढे होता. तथापि अथर्वज्योतिषात जन्मनक्षत्रापासून नऊ-नऊ नक्षत्रांचे गट करून फल सांगितले आहे आणि तेथे मेषादी राशी नाहीत, यावर त्यांनी भर दिला. जातकाचे बीज येथलेच, आणि यवनसंपर्काने त्यात परिभाषा व काही प्रकार यांची भर पडली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष पुढील संशोधनात जसाच्या तसा टिकला नाही. दीक्षितांचा ग्रंथ निघाल्यानंतर वर्षभरातच, १८९७ मध्ये, हरप्रसाद शास्त्री यांनी नेपाळच्या दरबार ग्रंथालयातील यवनजातकाच्या ताडपत्री पोथीची वार्ता विद्वानांपुढे मांडली. २० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षित मरण पावले. त्या पोथीचा उपयोग त्यांच्या विवेचनाला होऊ शकला नाही. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये यवनजातक संपादून प्रसिद्ध केले, आणि १४९-५० मधील ग्रीक ग्रंथाचे संस्कृत भाषांतर व २६९-७० मधील त्याची स्फुजिध्वजकृत पद्यरचना अशी त्याची परंपरा सांगितली. लग्न आणि द्वादशभाव यांवर उभे असलेले जातक ग्रीक परंपरेतून आले, हे मत त्यामुळे बळावले. परंतु २०१३ मध्ये बिल माक यांनी नव्याने उपलब्ध झालेल्या हस्तलिखिताच्या आधारे पिंग्री यांची कालगणना, आणि ग्रंथ केवळ भाषांतर असल्याचा त्यांचा समज, या दोहोंवरही गंभीर आक्षेप घेतले.

या पुराव्याने दीक्षितांचे जातकाविषयीचे मत मागे पडले, तरी त्यांनी केलेले घटकांचे पृथक्करण मागे पडले नाही. नक्षत्र येथले, वार बाहेरचे, भावपद्धतीची परिभाषा ग्रीक, आणि नक्षत्रांवर आधारलेल्या विंशोत्तरी दशेसारख्या पद्धती भारतीय वळणाच्या, अशी आजची मांडणी त्या पृथक्करणाच्याच वाटेने जाते.

पदवी नसलेल्या शिक्षकाने मराठीत लिहिलेला हा ग्रंथ अनेक दशके अन्यभाषिक अभ्यासकांना मूळ मराठीतूनच पाहावा लागला. १९५७ मध्ये लखनौहून त्याचे हिंदी भाषांतर निघाले, आणि इंग्रजी भाषांतराचे दोन भाग भारत सरकारने १९६९ व १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच १९५७ मध्ये, २२ मार्चपासून, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार सायन वर्षमानावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली.