फुजी गुरुजी आणि वर्ध्याचा स्तूप

मिसर देशात राजाच्या शवासाठी पर्वतप्राय पिरॅमिड उभारले गेले. खुफू राजाचा पिरॅमिड मूळचा सुमारे 146 मीटर उंच. आतला मार्ग मात्र दफनानंतर दगडांनी बंद करण्यासाठीच आखलेला. स्तूपाची रचना नेमकी उलट. स्मरण त्यातही अस्थींचेच असते. परंतु भोवतीचा प्रदक्षिणापथ सर्वांना मोकळा असतो. वर्ध्याच्या गोपुरी परिसरात, गीताई मंदिराशेजारी जो शुभ्र विश्वशांती स्तूप आपण लहानपणापासून पाहत आलो, त्याची मूळ आकांक्षा ज्यांची, त्या भदंत निचिदात्सु फुजी यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

जपानमधील कुमामोतो प्रांतात, आसो ज्वालामुखीच्या परिसरात, 6 ऑगस्ट 1885 रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 19 व्या वर्षी त्यांनी चीवर धारण केले. ज्या भूमीतून धम्म जपानला आला, त्या भूमीला तो परत अर्पण करावा, हा आचार्य निचिरेन यांचा तेराव्या शतकातील मनोदय त्यांनी आपले जीवितकार्य मानले. 1931 च्या आरंभी ते कलकत्त्यास उतरले. हाती पंख्याच्या आकाराचा ढोल आणि मुखी सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र, एवढीच त्यांची सामग्री होती. ऑक्टोबर 1933 मध्ये वर्ध्यात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. ‘गुरुजी’ हे संबोधन त्यांना तेथूनच चिकटले.

पुढे जपान युद्धात उतरला. सेवाग्राममधील जपानी भिक्खूला इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली. त्याचा मंत्र मात्र आश्रमाच्या प्रार्थनेत तसाच राहिला आणि आजही तेथील प्रार्थनेचा आरंभ त्यानेच होतो. वर्ध्याच्या इतिहासातील ही घटना आम्हांस मोठमोठ्या परिषदांहून मोलाची वाटते.

हिरोशिमा आणि नागासाकी भस्मसात झाल्यावर गुरुजींनी स्तूप बांधण्याचा ध्यास घेतला. पराभूत, उपाशी देशात बांधकाम काढणे हे अनेकांना वेडच वाटले असेल! तरीही कुमामोतोच्या हानाओका टेकडीवरील पहिला शांतिस्तूप 1954 मध्ये पूर्ण झाला. राजगीरच्या रत्नागिरी टेकडीवरील स्तूपाचे उद्घाटन 1969 मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झाले. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे 1980 मध्ये पाश्चात्त्य जगातील पहिला शांतिस्तूप उभा राहिला. स्थळ कोणतेही असो, आराखड्याचा गाभा प्राचीनच: खाली वर्तुळाकार मेधी, तिच्यावर भरीव अंड, वर हर्मिका व छत्रावली. सांचीचा स्तूप पाहिलेल्यास हे नाते सांगावे लागत नाही. वर्ध्याच्या स्तूपावर चार दिशांना तथागतांच्या मूर्ती आहेत. त्यामुळे कोणत्याही वाटेने येणाऱ्यास प्रथम दर्शन त्यांचेच घडते.

भारताने 1978 चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार देऊन गुरुजींचा गौरव केला. 9 जानेवारी 1985 रोजी, वयाच्या शंभरीला काही महिने उरले असताना, जपानमध्ये त्यांचे निधन झाले. वर्ध्याचा स्तूप 1993 मध्ये पूर्ण झाला. त्यांना तो पाहता आला नाही. शेजारच्या छोट्या जपानी मंदिरात विश्वशांतीसाठी प्रार्थना होते.