अडखळणारा वक्ता

माझी धडा वाचायची पाळी आली की वर्ग कसा गप्प व्हायचा, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. 'प' आला की मी अडायचो आणि घाम फुटायचा. शाळा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी मला एका पुस्तकात अनायरिन बेव्हन भेटले. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्याचबद्दल लिहावंसं वाटलं.

बेव्हन यांचा जन्म १८९७ सालचा, वेल्समधल्या ट्रेडीगर या कोळशाच्या खाणींच्या गावातला. वडील खाणकामगार. मुलगा बोलताना अडखळे, शाळेत त्याचा जीव रमला नाही. तेरा वर्षांचा असताना शाळा सोडून तोही खाणीत कामाला लागला. पण त्या गावात कामगारांनी वर्गणीतून उभं केलेलं वाचनालय होतं. बेव्हन तिथे तासन्‌तास वाचत बसत. एखादा शब्द अडला तर त्याच अर्थाचा दुसरा शब्द हाताशी हवा, म्हणून त्यांनी शब्द साठवले. हीच शिदोरी त्यांना पुढे संसदेत पुरली.

१९२५ साली वडील गेले. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती, पण त्या आजाराला तेव्हा भरपाई मिळत नसे. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, बेव्हन एब्बू व्हेल मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि मरेपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, तिथलेच खासदार राहिले. ते कोणाला जुमानत नसत. १९३९ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना काही महिने बाहेर काढलं. युद्धकाळात सगळा देश चर्चिल यांच्यामागे उभा असताना त्यांच्यावर भर सभागृहात कडक टीका करणारे बेव्हनच.

१९४५ मध्ये ॲटली यांनी त्यांना आरोग्यमंत्री केलं. ट्रेडीगरचे कामगार पगारातून थोडे पैसे कापून देत आणि त्यावर गावाची वैद्यकीय संस्था चाले. आजारी माणसाला डॉक्टर मिळे. हीच सोय सगळ्या देशाला द्यायची, आणि तीही सरकारी तिजोरीतून, असं बेव्हन यांनी ठरवलं. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. त्यांनी काही बाबतींत माघार घेतली, मोठ्या डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा ठेवली. पण मूळ योजना सोडली नाही. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आदल्याच दिवशी विरोधी पक्षाबद्दल त्यांच्या तोंडून असा अपशब्द गेला की तो त्यांना जन्मभर चिकटला. एकेका शब्दासाठी झगडलेल्या माणसाला एक शब्द आवरता आला नाही!

१९५१ मध्ये, कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढला, तेव्हा त्यांच्याच सरकारने चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावलं. रक्कम फार मोठी नव्हती. पण मोफत म्हणून दिलेल्या सेवेला एकदा पैसे लावले की ते वाढतच जातात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर त्यांना पुन्हा कधी मंत्रिपद मिळालं नाही. ६ जुलै १९६० रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

त्यांचे सगळे निर्णय मला पटतात असं नाही. पण बोलायची भीती वाटते म्हणून ते कधी गप्प बसले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांना शब्दच फुटत नाहीत, त्यांच्या वतीने ते बोलले.

माझा 'प' अजूनही अधूनमधून अडतो. मेळाव्यात माइक माझ्या हाती आलाच, तर मित्रांनो, जरा थांबा. शब्द येईल.