गाडगेबाबांचं सदावर्त

या स्मरणिकेच्या शेवटी आमच्या दिंडीच्या अन्नदात्यांची यादी छापली आहे. कोणी तांदूळ दिला, कोणी डाळ, कोणी तेलाचा डबा. ज्यांच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं त्यांनी पहाटे उठून चुली पेटवल्या, भांडी घासली. ती यादी वाचण्याआधी माउलींनी गाडगेबाबांचं चरित्र वाचावं, अशी आमची विनंती आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबूजीनं गुरं राखली, नांगर धरला. पुढं सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली. ज्याच्या घामानं पीक निघतं त्याच्याच कोठीत दाणा नसतो, हे आपल्या वैनगंगेकाठच्या धानकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रीत होती. डेबूजीनं गोड जेवण वाढलं. लोक रागावले, पण तो हटला नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत मातीचं गाडगं. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, मग भाकर मागायची आणि रात्री कीर्तन करायचं. काम केल्याशिवाय ते घास घेत नसत. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून तिथं घाट बांधला. तिथल्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवण नि कपडे वाटण्याचा त्यांचा नेम होता.

पंढरीची गोष्ट मात्र आम्हा वारकऱ्यांनी नीट ऐकावी. बाबा वारीला यायचे, पण राऊळाकडं वळत नसत. चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे, महारोग्यांच्या जखमा धुवायचे, त्यांना जेवू घालायचे. अस्पृश्य मानलेले वारकरी शेकडो कोस चालून यायचे, त्यांना मात्र पंढरीत पाठ टेकायला जागा मिळत नसे. नाव विठ्ठलाचं एकच, पण पंगत वेगळी. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

इथं आमचीच एक चूक कबूल करतो. एका वारीत भिशी न भरलेल्या एका म्हाताऱ्या बाबाला आमच्या पंगतीतून उठवलं गेलं. वाढपी आम्हीच होतो, भाताचं घमेलं हातात होतं, आणि आम्ही गप्प राहिलो. म्हातारा काही बोलला नाही, आपली पत्रावळ उचलून रस्त्याला लागला. पुढच्या वर्षी भिशीचा हिशेब निराळा ठेवला आणि पंगतीत कोणाला काही विचारायचं नाही असं ठरवलं. धान निघालं की घरोघरून येणारा पायलीभर तांदूळ त्यासाठीच बाजूला काढतो. कधी पुरतो, कधी उधारीवर आणावा लागतो.

बाबांनी नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, सदावर्तं चालवली. लोकांनी पैसा ओतला, पण त्यांनी तो स्वतःसाठी घेतला नाही. हिशेब विश्वासू माणसांकडं. बायको कुंताबाई आणि मुली झोपडीत राहिल्या. धर्मशाळेतला घास नातलगांनी खायचा नाही, असा सक्त नियम होता. आम्हाला तो नियम फार कडक वाटतो, कुंताबाईंची आठवण येते तेव्हा तर जास्तच. मुलगा गोविंद १९२३ मध्ये गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबलं नाही.

म्हातारपणीही हात चालूच होते. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये खेड्यापाड्यातले रोगी येत, त्यांचे नातलग उघड्यावर झोपत. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये धर्मशाळा झाली. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडं जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी देह ठेवला.