टाटा सुमोमधला 'सुमो' कोण? सुमंत मूळगावकरांची गोष्ट

'सुमो' म्हटलं की जपानी पैलवान आठवतो ना? पण १९९४ साली आलेल्या या गाडीचं नाव एका इंजिनिअरचं आहे. सुमंत आणि मूळगावकर, दोन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं जोडा, झालं 'सुमो'. मी पिंपरी-चिंचवडमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. नवीन काहीतरी करूया म्हणणारे मॅनेजर ऑफिसात रोज भेटतात. पण ते करून कसं दाखवायचं, हे मला या माणसाच्या आयुष्यातून जास्त कळलं.

जन्म १९०६, मुंबई. शिक्षण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. आधी एसीसी या सिमेंट कंपनीत काम केलं आणि १९४९ मध्ये ते टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये आले. तेव्हा जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनायची. १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार झाला आणि ट्रक सुरू झाले. कराराची मुदत १५ वर्षं.

खरा प्रश्न इथेच होता. १९६९ नंतर काय? डिझाइन दुसऱ्याचं, मशिनं दुसऱ्याची. रेडिमेड ॲप वापरता येतं, पण कोड आपला नसेल तर एक बटणसुद्धा बदलता येत नाही, तसंच हे.

मूळगावकरांनी पुण्यात उलट्या टोकाने सुरुवात केली. पिंपरी-चिंचवडच्या उघड्या माळावर आधी ट्रक नाही, तर ट्रक बनवायची साधनं बनवायला घेतली. मशीन टूल, डाय, जिग, फिक्स्चर. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. तो दाबला की दरवाजा, बॉनेट तयार. जिग-फिक्स्चर पार्ट जागेवर घट्ट धरून ठेवतात, म्हणजे हजारावा पार्टसुद्धा पहिल्यासारखाच निघतो. १९६६ मध्ये इथे रिसर्च सेंटर सुरू झालं. अप्रेंटिस पोरांना ट्रेनिंग देऊन हातात कसब आणलं. माळावर झाडं लावली, तळंही केलं.

पुण्यातून पहिला ट्रक निघाला १९७७ मध्ये. म्हणजे रिसर्च सेंटरनंतर तब्बल ११ वर्षांनी! दर तीन महिन्यांनी रिझल्ट मागणाऱ्या आजच्या कंपन्यांत एवढा धीर कोण धरेल?

परीक्षा १९८० च्या दशकात झाली. टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, निस्सान या चारही जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर छोटे ट्रक घेऊन उतरल्या. टेल्कोकडे जपानी भागीदार नव्हता. होती ती स्वतःची टूलरूम आणि स्वतःचे डिझायनर. १९८६ मध्ये त्यांनी इथेच डिझाइन केलेला ४०७ बाजारात आणला. भाजीपाल्यापासून घरसामानापर्यंत सगळं वाहणारा हा 'चारशे सात' आजही रस्त्यावर आहे.

मूळगावकर १९८९ मध्ये गेले. सुमो त्यांनी पाहिली नाही.

मला यातून एक गोष्ट पटली. टीमला फक्त नवं करा म्हणून भागत नाही. त्यासाठी लागणारी अवजारं, शिकायला वेळ आणि तोपर्यंत वरचा दबाव स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस लागतो. तुमच्या कंपनीत नव्या प्रोजेक्टची घोषणा झाली, तर आधी एवढंच बघा: टूल आणि ट्रेनिंगसाठी पैसे आणि वेळ ठेवलाय का?